अकराव्या रकान्यातला हिमालय

प्रवासाचा खरा हेतू परत येणे हा आहे. जो परत येत नाही त्याला प्रवासी म्हणत नाहीत. त्याच्यासाठी वर्तमानपत्रात वेगळी जागा असते. परंतु नुसते परत येऊनही भागत नाही. परत आलेल्याने काय पाहिले हे चार लोकांना पटावे लागते, तेव्हा कुठे ते पाहिल्यासारखे होते. हे सत्य जगाला फार उशिरा कळेल. अमरावतीला ते १९५५ सालीच कळले आणि तिथे ‘स्वतंत्र नेपाळ-प्रवासी मंडळ (अकोला शाखेसह)’ स्थापन झाले.

स्वतंत्र प्रवासी म्हणजे यात्रा कंपनीचा आचारी आणि पंडा सोबत न घेता, केवळ आपल्या मर्जीने जाणारा प्रवासी. त्याने केव्हा जावे, कोणत्या गाडीने जावे आणि तिथे त्याला काय वाटावे, एवढेच मंडळ ठरवीत असे. बाकी सर्व बाबतींत तो मोकळा होता.

मंडळाचे संस्थापक भगवंतराव हे १९५४ च्या मे महिन्यात, मोटाररस्ता पुरा होण्याआधी, डोंगर पायी चढून काठमांडूला जाऊन आले होते. पुढच्या लोकांना तेवढे कष्ट पडू नयेत म्हणून त्यांनी आपल्या अनुभवांचे चौदा रकाने पाडून एक छापील अनुभव-पत्रक तयार केले. पहिला रकाना थंडीने दात वाजण्याचा (किमान तीन मिनिटे). चौथ्यात एका साधूने न विचारता प्रवाशाचे पूर्वायुष्य सांगणे. (साधूने स्वतःचे सांगितल्यास धरले जात नसे.) सातव्यात परमुलखात अचानक मराठी कानावर पडणे व बोलणारा बडनेऱ्याचा निघणे. आणि अकराव्यात हिमालयाचे दर्शन व त्या वेळी मनात उठलेले तरंग, किमान पाच. पत्रक जागेवरच व पेन्सिलीने भरायचे होते, कारण शाई गोठते.

अकोला शाखेचे चिटणीस नत्थुजी हे सर्व पत्रके तपासून बांधून ठेवीत. ते स्वतः अमरावतीच्या पलीकडे कधी गेले नव्हते, त्यामुळे त्यांची नजर निःपक्षपाती होती. त्यांनी काढलेल्या आकड्यांवरून १९६२ अखेर एकूण सदतीस स्वतंत्र प्रवासी नेपाळास जाऊन आले. सदतीसच्या सदतीस जणांना हिमालय सूर्योदयाच्या वेळी, सोनेरी रंगाचा आणि उजव्या हाताला दिसला. (यांपैकी सहा जण त्या वेळी परतीच्या प्रवासात होते.) भगवंतरावांच्या बैठकीत तेलाच्या एका कारखान्याचे कॅलेंडर होते, त्यावरही हिमालय सोनेरी आणि उजव्या हातालाच होता. यावरून कारखान्याने चित्र किती काळजीपूर्वक छापले होते ते दिसून येते.

जाण्याचा काळही मंडळाने ठरवून दिला होता. अक्षय्य तृतीया ते मृग. त्या दिवसांत वऱ्हाडात शेतीचे काम नसते, माणूस रिकामा असतो आणि ऊन माणसाला घरात बसू देत नाही. वऱ्हाडी माणूस रिकामा असताना हिमालयही रिकामा असणार, हे उघड होते.

अपवाद एकच घडला. तारघरातले कारकून देवमन हे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर दुसऱ्या वर्षी, कार्तिकात, एकटेच लुंबिनीला गेले आणि तसेच पुढे काठमांडूला जाऊन आले. त्यांनी मंडळाकडे रीतसर अनुभव सांगण्याची इच्छा कळवली. मंडळाने त्यांना आदराने बोलावले. लुंबिनी नेपाळात येते की नाही यावर तीन बैठका झाल्या. अकोल्याहून नकाशा मागवण्यात आला. तो आला, पण नेमका त्याच जागी घडीवर फाटला होता. शिवाय कार्तिक हा अनुभवाचा महिना नव्हे. बैठकीत देवमन यांना चहा वेगळ्या कपात देण्यात आला (मंडळ स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते असल्यामुळे कपही स्वतंत्र). देवमन यांनी तो घेतला नाही. नत्थुजींनी इतिवृत्तात ‘सदर गृहस्थांस चहा वर्ज्य’ अशी नोंद केली आणि विषय विचाराधीन ठेवला. तो अजून तसाच आहे.

अशा या भरभराटीच्या काळात, १९६३ च्या उन्हाळ्यात, सूर्यभानचा नंबर लागला.

सूर्यभानची वलगावच्या वाटेवर वीस एकर काळी जमीन होती. तो निम्मा दिवस कापसाचा आणि निम्मा ज्वारीचा विचार करी. पण लहानपणी शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात त्याने हिमालयाची पांढरी पट्टी पाहिली होती, आणि अमरावतीच्या वैशाखात छपरावरचे पत्रे तापून वाजू लागले की त्याला ती पट्टी आठवे. बर्फ एकदा डोळ्याने पाहायचा, एवढीच त्याची इच्छा होती. त्याच्या बायकोची, दुर्गाबाईची, इच्छाही तीच होती. परंतु मंडळाच्या नियमाप्रमाणे बायको सोबत असलेला माणूस स्वतंत्र ठरत नसे. या नियमाला आजवर कुणी हरकत घेतली नव्हती.

निघताना दुर्गाबाईने तिळाच्या पोळ्या आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, “अजी, बाकी काही आणू नका. फकत थो हिमालय दिसते कसा, थे नीट पाहून या अन् मले सांगा.”

“सांगतो ना,” सूर्यभान म्हणाला.

इटारसी, अलाहाबाद, पाटण्याला आगबोटीतून गंगा, मग छोटी गाडी रक्सौलपर्यंत, पुढे टांगा, आणि मग ट्रकचा तोंडवळा असलेली एक बस. सूर्यभान काठमांडूत पोचला. तिथे तो नऊ दिवस राहिला. पशुपतिनाथाचे दर्शन झाले. देवळे पाहिली. पहिल्या रकान्यासाठी त्याला पहाटे विहिरीच्या पाण्याने आंघोळ करून ओल्या अंगाने उभे राहावे लागले, तेव्हा कुठे दात अडीच मिनिटे वाजले. उरलेले अर्धे त्याने स्वतः वाजवले. साधू भेटला, पण त्याने सूर्यभानचे पूर्वायुष्य न सांगता विडी मागितली. बडनेऱ्याचा माणूस नवव्या दिवसापर्यंत आला नाही.

हिमालयही आला नाही. चोहीकडे धुरकट पांढरे होते, दुपारनंतर ते करडे होई आणि रात्री पाऊस पडे. तिथले लोक उत्तरेकडे बोट दाखवून सांगत की तो तिकडेच आहे. सूर्यभानला त्यांचे म्हणणे खोटे वाटले नाही. एवढी मोठी वस्तू कुणी हलवून ठेवणार नाही, हे त्यालाही कळत होते.

परतीच्या दिवशी बस दामनच्या घाटमाथ्यावर चहासाठी थांबली. पुढे उतारच उतार होता; म्हणजे हे शेवटचे ठिकाण. पत्रकाचे तेरा रकाने (चौथा आणि सातवा मनानेच) भरले होते आणि अकरावा कोरा होता. सूर्यभान चहाच्या दुकानाबाहेर दगडावर बसला. दर्शन होईल तेव्हा घाई नको म्हणून तरंग आधीच लिहून ठेवावेत, असा शहाणा विचार करून त्याने पेन्सिलीला टोक काढले. पहिला तरंग : जीवन क्षणभंगुर आहे. दुसरा : मनुष्य किती क्षुद्र आहे. तिसरा : शेजाऱ्याशी शेताच्या धुऱ्यावरून आपण उगीच भांडलो (हा त्याचा स्वतःचा होता). चौथ्यासाठी शब्द सापडेना. ‘भव्य’ मागे सदतीस जणांनी वापरला होता. ‘दिव्य’ भगवंतरावांच्या नावावर होता. सूर्यभान मान खाली घालून शब्द शोधू लागला.

आजूबाजूला एकदम गलका झाला. चहावाली बाई हातातली किटली तशीच धरून बाहेर धावली. बसचा ड्रायव्हर, हमाल, बकऱ्यांसकट एक म्हातारा, सगळे एकाच दिशेला पाहत होते. सूर्यभानला आवाज ऐकू येत होते. त्याला वाटले, एवढा शब्द पुरा करू आणि उठू.

शब्द पुरा करून त्याने मान वर केली तेव्हा ढग पुन्हा मिटले होते. चहावाली बाई किटली घेऊन परत येत होती. तिने सूर्यभानकडे, त्याच्या मांडीवरच्या कागदाकडे आणि पेन्सिलीकडे पाहिले आणि त्याला आणखी एक चहा दिला.

तो घरी आल्यावर दुर्गाबाईने पायांवर पाणी घातले आणि विचारले, “दिसला का जी?”

“मावंद्याच्या दिवशी सांगतो,” सूर्यभान म्हणाला. आणि आठ दिवस तो शेतात काम नसताना शेतात जाऊन बसला.

यात्रेहून परतलेल्याने गावाला मावंद्याचे जेवण घालायचे, ही जुनी रीत. मंडळाने तिला शिस्त लावली होती. पाने मांडायची, लोक बसवायचे, मग प्रवाशाने उभे राहून पत्रक वाचायचे. अकरावा रकाना मंजूर झाला की भगवंतराव “वाढा” म्हणत. नामंजूर झाल्यास लोकांनी न जेवता उठावे, असा नियम होता. (त्याची वेळ कधी आली नव्हती, भुकेल्या माणसाने नामंजूर केलेला हिमालय अद्याप उपलब्ध नाही.)

सूर्यभानच्या अंगणात दोनशे पाने मांडली होती. तो एकेक रकाना वाचत गेला, नत्थुजी खुणा करीत गेले. अकराव्याशी तो थांबला. कागदावर साडेतीन तरंग होते. दीड तिथल्या तिथे जोडायला सूर्यभानला काही अवघड नव्हते. पण स्वयंपाकघराच्या दारात दुर्गाबाई तुपाचे भांडे घेऊन उभी होती. दोनशे लोकांत तेवढी एकटीच पानाकडे पाहत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

“मले हिमालय दिसला नाई,” सूर्यभान म्हणाला.

पुरणपोळ्या निवत होत्या.

“म्हंजे?” नत्थुजी म्हणाले. “सोनेरी नव्हता काय?”

“सोनेरी का काळा, मले काय ठाव? नऊ दिवस ढग होते. दहाव्या दिवशी जरासा दिसला मनतात, सगळ्याइले दिसला. मी हे लिवून राहिलो होतो.” त्याने पत्रक वर धरले. मग लोकांकडे न पाहता दाराकडे पाहून तो म्हणाला, “तुले काय सांगू? तू एकच गोष्ट सांगतली होती, अन् थे मायाकडून झाली नाई.” त्याचा आवाज कापरा झाला आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

सगळे भगवंतरावांकडे पाहू लागले. भगवंतरावांनी तांब्यातले पाणी प्यायले. बराच वेळ प्यायले.

“काहीच दिसलं नाई, सूर्यभान?”

“पांढरं दिसलं जी. पण थे ढग होते.”

“ढग,” भगवंतराव म्हणाले. “चौपन साली मलेही पांढरंच… थे आपण ढगच होते मनू.” आणि नऊ वर्षे डोक्यावर वाहिलेले गाठोडे कुणी उतरवून घ्यावे तसा त्यांचा चेहरा झाला. “वाढा बाप्पा! लोकं भुकेले हायेत.”

त्या दिवशी भगवंतरावांनी सात पोळ्या खाल्ल्या. पुढच्या पंधरा दिवसांत सदतीसपैकी छत्तीस जणांनी आपापले पत्रक दुरुस्तीसाठी मागे घेतले. (सदतिसावे वारले होते, त्यांचे नत्थुजींनी दुरुस्त केले.)

मंडळ सत्यापुढे नमते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढच्याच सभेत ठराव झाला की अकरावा रकाना यापुढे ‘हिमालय न दिसणे व त्या वेळी मनात उठलेले तरंग, किमान पाच’ असा वाचावा. सूर्यभानचा नारळ देऊन सत्कार झाला. तेव्हापासून मंडळाचा एकही स्वतंत्र प्रवासी हिमालय पाहून आला नाही. एकाने चुकून पाहिला होता, त्याला समज देण्यात आली.

सत्काराचा नारळ घेऊन सूर्यभान घरी न जाता तारघरामागे देवमन यांच्या घरी गेला. देवमन यांनी त्याला खाटेवर बसवले, चहा दिला. दोघांचे कप सारखे होते. सूर्यभानने तो पुरा प्याला आणि विचारले, “देवमनभाऊ, तुमाले दिसला होता का?”

“लख्ख,” देवमन म्हणाले. “चार दिवस. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कार्तिकात आभाळ धुतल्यावानी असते ना.”

“मंग सांगतलं कावून नाई?”

“कोणाले सांगू? काय पाह्यलं, थे कोणी इचारलंच नाई. लुंबिनी कुठं हाय, थेच इचारत बसले.”

सूर्यभान उठला. नारळ त्याने तिथेच ठेवला.

१९६४ च्या कार्तिकात, सगळे वऱ्हाड कापूस वेचायला वाकलेले असताना, सूर्यभान आणि दुर्गाबाई तीन आठवडे दिसेनासे झाले. वेचणीच्या दिवसांत शेत भावावर टाकून जाणाऱ्याला वऱ्हाडात काय म्हणतात ते इथे छापता येत नाही. सरकी काढायला जिनात जायचा दोन गाड्यांचा कापूस बोंडातच लोंबून धुळीला मिळाला. मंडळाने चौकशी केली तेव्हा दुर्गाबाईने सांगितले की ती चांदूर बाजारला, बहिणीच्या घरी, माणिकबाईकडे गेली होती. तिच्या नाकाची सालपटे निघालेली होती. चांदूर बाजारला ऊन फार होते, असे ती म्हणाली. नत्थुजींनी तशी नोंद घेतली.

दामनच्या त्याच दगडावर ती दोघे बसली होती. कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. सूर्यभानने डोळे गच्च मिटले आणि तिला म्हणाला, “पह्यले तू पाहा अन् मले सांग.”

दुर्गाबाई पाहत राहिली. मग तिला हसू फुटले आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आले.

“अव माय! अजी, हे तं आपल्या जिनातल्या कापसाची गंजी हाय! पार आभाळापर्यंत!”

चौथ्या तरंगासाठी सूर्यभान दीड वर्ष शब्द शोधत होता. त्याने डोळे उघडले. गंजीच होती. चहावालीने दोघांना चहा दिला आणि पैसे मागायला ती फार उशिरा आली.

मंडळ अजून आहे. पत्रके छापील मिळतात. ही हकिकत वाचायला साधारण दहा मिनिटे लागतात, असे नत्थुजींच्या पद्धतीने मोजल्यावर निघते. तेवढा वेळ आपण मान खाली घालून बसला होता. आपल्या खिडकीबाहेर मघाशी काय उघडले आणि काय मिटले ते आम्हाला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. पण कुणी विचारलेच, तर तरंग पाच लागतात, साडेतीन तयार आहेत. वरून उतरवून घ्यावेत.