गौरीच्या आधी गॅस्केट

घरी आलेल्या माणसाला लोक आधी पाणी विचारतात. आमचे सासरे तात्या आधी अंगणातल्या आपल्या गाडीच्या बॉनेटला उलटा हात लावून ताप बघतात आणि मग "या जावयबापू" म्हणतात. गाडीला ताप असेल तर चहाचं नाव निघत नाही.

कर्जतजवळच्या चौक गावात हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना गॅरेजंच गॅरेजं. तात्यांचं घर त्यातल्या दोन गॅरेजांच्या बरोबर मधे. एवढी सोय असून आजवर एकाही मेकॅनिकला त्यांनी गाडीला हात लावू दिलेला नाही. "त्यांना पार्ट कळतो, तिचा सोभाव कळत नाय," हे ठरलेलं वाक्य. त्यांची गाडी कधी बंद पडत नाही, ती रुसते. धूर सोडते तेव्हा ती मोकळी होत असते. एकदा पळसदरीच्या चढावर आम्ही घरचे सगळे तिला ढकलत होतो, तेव्हा ती "आपल्यासंगं चालत" होती.

यंदा गणपती बसले त्याच दिवशी ती जरा जास्तच मोकळी झाली. पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि ऑइल बघायची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर दुधाळ चहा. हेड गॅस्केट गेलं होतं. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, तो पाणी आणि ऑइल यांना एकमेकांच्या अंगावर जाऊ देत नाही. आमच्या घरी आई आणि बायको यांच्यामध्ये हेच काम मी करतो. त्यामुळे तो पत्रा फाटल्याचं मला जराही नवल वाटलं नाही, वाटला तो हेवा.

पण तात्यांचा चेहरा उतरला. गौरी येतात त्या दिवशी ते कळंबला जाऊन धाकट्या बहिणीला, कमळआत्याला, माहेरपणाला आणतात. दर वर्षी, स्वतः, याच गाडीतून. आत्याच्या लग्नात घरी सायकलसुद्धा नव्हती. तिची पाठवणी झाली वीटभट्टीच्या टेंपोतून, भांड्यांच्या शेजारी बसवून. टेंपो दारात लागल्यावर तिच्या सासूने सगळ्या आळीदेखत विचारलं होतं, यातली भांडी कुठली नि सून कुठली. पुढे तात्यांनी ही गाडी घेतली आणि पहिल्यांदा नेऊन उभी केली ती त्या सासूच्या दारात.

मी शहाणपणाने सुचवलं की यंदा रिक्षा करू, नाहीतर माझ्या भावाची एसी गाडी मागवू. तात्यांनी असं पाहिलं, जणू मी गौरीच भाड्याने आणा म्हटलं होतं.

"दुसऱ्याची गाडी लागली तर ती पाव्हणी व्हते, जावयबापू. आपली लागली तर लेक व्हते."

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. या ग्रहाने मग दिवसभर गाडीखाली झोपून आपली कक्षा सांभाळली. बोल्ट सुटले, इंजिनाचं डोकं वर आलं. ते घासून सपाट करायला शिळफाट्याला न्यायचं ठरलं. लेथवाला तेवढा तात्यांना चालतो, कारण तो गाडी बघत नाही. स्कूटर मी चालवत होतो, मागे तात्या, त्यांच्या छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं ते डोकं. खड्डा आला की "हळू, हळू" म्हणत आणि वर टॉवेल थोपटत. शिळफाट्यावर एका बाईने वाकून विचारलं, मुलगा की मुलगी.

परत आणलेलं ते डोकं चांदीसारखं चकाकत होतं. तात्यांनी ते पडवीत धुतलेल्या पाटावर ठेवलं आणि आम्ही जेवायला बसलो. तेवढ्यात शेजारच्या सुमनवहिनी गणपतीच्या दर्शनाला आल्या. पाट दिसला, वर चकचकीत काहीतरी दिसलं. भाविक बाई, तिने हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि नमस्कार करून गेली.

आता गॅस्केट बसायचं तर त्या पृष्ठभागावर केससुद्धा चालत नाही. तात्या फडकं घेऊन धावले आणि सासूबाई आडव्या आल्या. सणाच्या दिवसांत वाहिलेलं कुंकू पुसायचं नाही म्हणजे नाही. तात्यांनी इंजिनाचं शास्त्र सांगितलं, सासूबाईंनी आपल्या आईचं सांगितलं. शेवटी तोडगा निघाला: रीतसर उत्तरपूजा. मी शर्ट काढून पाटासमोर बसलो आणि सिलिंडर हेडवर अक्षता वाहून विसर्जन केलं. 'पुनरागमनाय च' तेवढं वगळलं. ते डोकं पुन्हा बाहेर यावं अशी माझी अजिबात इच्छा नव्हती. मग तात्यांनी त्याला पेट्रोलने आंघोळ घातली आणि पाण्याच्या भोकांत गेलेले तांदूळ सासूबाईंच्या केसांतल्या आकड्याने टिपून काढले.

हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेरच्यांकडे, थोडे थोडे करत आवळायचे असतात. प्रत्येक फेरीला तात्या म्हणत, अजून थोडा जीव हाय. तो बोल्टमध्ये असे, माझ्यात नसे.

गौरीच्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली. तात्या सगळ्या वाटेत नुसते तापाच्या काट्याकडे बघत होते. कर्जत गेलं, काटा जागेवर. कळंबची कमान दिसली आणि काटा चढू लागला. आत्याच्या दारात गाडी लागली तेव्हा बॉनेटमधून वाफेची बारीक रेघ निघत होती. पण लागली.

तात्यांनी लांबलचक हॉर्न दिला. मी आळीकडे पाहिलं. आत्याच्या सासूला जाऊन जमाना झाला. समोरच्या घरांच्या जागी रिसॉर्टची भिंत आहे, भिंतीपलीकडे मुंबईची पोरं पाण्यात ओरडत होती. गाडी कोणाची आली हे बघायला आळीत एक माणूस नव्हता. एवढा खटाटोप कोणासाठी, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता.

आत्या पायरीवर पिशवी घेऊन तयारच बसली होती. ती सावकाश उठली. गाडीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तात्यांच्या जवळ आली, त्यांचे ऑइलने काळे झालेले हात आपल्या नव्या लुगड्याच्या पदरात घेतले आणि पुसत राहिली.

"दादा, पुढल्या साली रिक्षानं ये," ती म्हणाली, "येष्टीनं ये, कुणाच्या मागं बसून ये. पण तू ये रं."

"व्हय," तात्या म्हणाले. मग हात सोडवून घेतले आणि बॉनेट उघडून आत डोकं घातलं. इतक्या वाफेत बघण्यासारखं काहीच नव्हतं. ते बराच वेळ बघत होते. मी आत्याची पिशवी गाडीत ठेवायला जरा जास्तच वेळ लावला.