मिटा आणि मिटवा

कडी वाजली म्हणून गोदावरीबाईंनी दार उघडलं, बाहेर पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या.

पण तात्यांना खुर्चीतून स्पष्ट दिसलं होतं. पायरीवर फेटेवाला माणूस उभा होता आणि त्याच्या आरपार समोरचा नळ दिसत होता.

तात्या वाईच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत. इतरांच्या नजरेतून निसटलेलं दिसणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे त्यांना फारसं नवल वाटलं नाही. त्यांनी उठून दार उघडलं.

"आवं, तुमाला मी दिसतूय?"

"दिसताय. जरा फिकट. शाई कमी पडल्यासारखे."

माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही फिकट होतं. "मी लालासाहेब, पलूसकडचा. कारखान्यात पुस्तक बघून माझी फाईल मिटवली, त्याला पंधरवडा झाला; तवापास्नं कुनालाच दिसंना झालोय. पुस्तकावर वाईचा छापखाना व्हता, म्हून हितं दारं वाजवत आलो. कुत्रं भुंकंना. यष्टीत एक बाई मांडीवर बसली, ती कराड येईस्तोवर उठली न्हाई."

"आणि घरी?"

"बायकू म्हनती, तिचं लगीनच झाल्यालं न्हाई. उद्या सकाळी तिला बघायला पावणं येणार हायत. पव्हं बी आणून ठिवल्यात!"

"कुणाशी बोलताय हो?" आतून गोदावरीबाईंनी विचारलं.

"एका चुकीशी," तात्या म्हणाले.

चूक त्यांचीच होती. लालासाहेबाच्या साखर कारखान्यानं कॉम्प्युटर आणला होता. हरेक सभासदाची त्यात फाईल. ती उघडायची, वाचायची आणि मिटायची कशी, याचं मराठी पुस्तक तात्यांच्या छापखान्यात छापलं होतं. मूळ मजकुरात होतं, 'काम संपताच शेवटची फाईल मिटा.' तात्यांनी लाल पेन्सिलीनं मध्ये 'व' घातला आणि साऱ्या छापखान्याला ऐकवलं, "डोळे मिटतात. फाईल मिटवतात!" आठवडाभर ते त्या 'व'वर खूश होते.

दोघं पहाटे पहिल्या गाडीनं निघाले. एकट्याच दिसणाऱ्या तात्यांनी दोन तिकिटं मागितली, तेव्हा कंडक्टरनं त्यांना वेडं समजून पुढच्या दारापासून लांब बसवलं.

कारखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली बरीच फिकट माणसं गुमान बसली होती. त्यांच्यातून सायकली जात होत्या. कॉम्प्युटरच्या खोलीत मात्र तो चालवणारा आकाराम एकटाच होता. पलटणीतून आलेला, ताठ.

"व्हय, रोज सांजच्याला शेवटची फाईल मिटवतो. पुस्तकात तसंच लिवलंय."

"अहो, माणसं नाहीशी होतायत!"

"तक्रार तर कुनाचीच न्हाई."

"पण अर्थ काय होतो, ते बघायचं नाही का?"

"मिलिट्रीत हुकूम वाचायचा, गुरुजी. अर्थ लावत बसला की मानूस गेला."

तात्यांनी एकेकाला नाव विचारलं, आकारामनं एकेक फाईल पुन्हा लिहिली. पहिला नंबर लालासाहेबाचा. तो भराभर गडद झाला आणि पाहुण्यांच्या आधी घर गाठायला पळत सुटला. फाटकातलं कुत्रं त्याच्यावर भुंकलं, मग चावलंही. लालासाहेब आनंदानं रडला.

निंबाखाली कुणी उरलं नाही, तेव्हा तात्यांनी चिठ्ठी लिहून पुस्तकात डकवली. 'शुद्धिपत्र. "मिटवा" याऐवजी "मिटा" असे वाचावे.' खाली झोकदार सही.

"आता तुमचं नाव सांगा," आकाराम म्हणाला. "खोलीत आल्याल्या पावण्याची बी फाईल लागती."

तात्यांनी ऱ्हस्वदीर्घासकट सांगितलं. तेवढ्यात संध्याकाळचा भोंगा झाला. काम संपलं. आकारामनं चिठ्ठी समोर धरली, छाती फुगवली आणि खणखणीत वाचलं, "मिटा!"

मग रोजचंच बटण दाबलं.

"वा!" उच्चारावर खूश होऊन तात्या म्हणाले. "अगदी शुद्ध वाचलंत."

आकारामनं पुस्तक बंद केलं. "वाचावे म्हनलंय, वाचलं," तो स्वतःशीच पुटपुटला आणि दिवा घालवून, तात्यांना आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून गेला.

तात्या कसे बाहेर पडले, हे त्यांनाही कळलं नाही. दार आड आलंच नाही. परतीच्या गाडीत कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही. ओळखीचा असेल, असं त्यांना वाटलं. कराडला एक बाई त्यांच्या मांडीवर बसली, तेव्हा मात्र त्यांना घाम फुटला. तो फिकट होता.

वाईला पोचताच त्यांनी घराची कडी वाजवली. गोदावरीबाईंनी दार उघडलं, बाहेर पाहिलं.

"कोण गं?" आतून शेजारच्या शालूबाईंनी विचारलं.

"कुणी नाही," गोदावरीबाई लाजत म्हणाल्या. "तू पोहे निवड. पाहुणे सकाळी यायचेत."