फ्रिजखालचं रवण

आईला मी एकच शब्द म्हणालो होतो, "दे." त्या एका शब्दापायी पुढच्या चौदा दिवसांत जे काही झालं, ते आठवलं तरी मला अजून दरदरून घाम फुटतो. (आणि बाहेर जानेवारीची थंडी आहे.)

झालं असं, की त्या रविवारी मी पुण्याजवळच्या सूसहून मोटारसायकलवर गावी गेलो. गाव मुळशी धरणाच्या पलीकडच्या अंगाला. आमची आई, साळूबाई, तिथे एकटीच राहते, कारण आमच्या फ्लॅटमध्ये तिचा जीव रमत नाही. मी आत गेलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. समोर घमेल्यात कोमट राख, राखेवर फडकं आणि फडक्यावर अकरा अंडी.

"मुंगसानं कवडी न्हेली रं," आई म्हणाली. "आज पाटंच. रवणावर बसली व्हती. सहा दिस झालं व्हतं."

रवण म्हणजे कोंबडीखाली उबवायला मांडलेली अंडी. आणि कवडी ही आईची ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. आता तुम्ही म्हणाल, कोंबडीच ती, मुंगसानं नेली, जाऊ द्या. पण आईच्या लग्नात तिच्या आईनं तिच्याबरोबर ठिपक्यांच्या कोंबड्यांची जोडी पाठवली होती. तेव्हापासून त्या वाणाची एक तरी कोंबडी आमच्या अंगणात असतेच. आईचं माहेर आता उरलेलं नाही. भाऊ गेले, जमीन विकली गेली, घराच्या जागी पुण्यातल्या कोणाचा तरी पोहण्याचा तलाव आहे. राहिली होती ती ही कोंबडी, आणि आता फक्त ही अकरा अंडी. आई रडत नव्हती. नुसती राख चाचपून बघत होती, गार झाली का म्हणून. मला ते बघवेना.

"भैरूकडे खुडूक कोंबडी होती ना?" मी विचारलं. भैरू म्हणजे आमचा शेजारी, आणि खुडूक म्हणजे अंड्यांवर बसायच्या वेडात आलेली.

"व्हती. काल त्यानं तिला पान्यात बुचकळली, खुडकी जावी म्हनून. आता ती अंड्याकडं बगती बी न्हाई."

बस. इथे मी म्हणालो, "दे. मी नेतो. आमच्या फ्रिजजवळ उबवतो."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "फ्रिजात? अंडी उबवाया? किश्या, येवडा शिकलास आन् डोस्कं फिरलं का रं तुजं?"

तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. तुम्हालाही समजावतो. आमचा फ्रिज बिल्ट-इन आहे. म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या रांगेत, कपाटाचंच दार लावून बसवलेला. बायकोची, म्हणजे रेश्माची, ती हौस. (पाहुणे पाणी घ्यायला जातात आणि आधी डब्यांचं, मग केरसुणीचं कपाट उघडून रिकाम्या हातानं परत येतात.) असा फ्रिज आतली गरमी खालच्या बाजूनं बाहेर टाकतो. तळाशी एक जाळी असते, तिच्यामागे कॉम्प्रेसर, आणि तिथे छान उबदार असतं. हे मला ठाऊक होतं, कारण त्या फ्रिजबरोबर आलेलं माहितीपुस्तक आख्ख्या सोसायटीत मी एकट्यानंच वाचलं आहे. मी कॉलेजच्या परीक्षा विभागात क्लार्क आहे. छापील सूचना दिसली की मला ती वाचल्याशिवाय राहवत नाही.

त्याच पुस्तकात पान नऊवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, की खालची जाळी कायम मोकळी ठेवा, आत-बाहेर काहीही ठेवू नका. रेश्मानं एकदा जाळीपुढे कांद्याची परडी ठेवली होती, तेव्हा मी तिला पान नऊ मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. दोनदा. त्यामुळे आता तिथे अंडी ठेवणार आहे हे तिला सांगण्याची सोयच उरली नव्हती.

अंडी मफलरमध्ये गुंडाळून, जर्किनच्या आत पोटाशी धरून मी परत आलो. रस्त्यात जितके खड्डे होते त्या प्रत्येकाची मी मनोमन माफी मागितली. आईनं पिशवीभर भाताचं तूस दिलं होतं. बुटांच्या खोक्यात ते पसरलं, त्यावर अंडी मांडली, शेजारी ओल्या कापडाची घडी. रेश्मा बाजारात गेली होती. जाळी काढली, खोकं आत कॉम्प्रेसरपर्यंत सरकवलं, आणि ताप बघायचा थर्मामीटर आत धरला. शंभर! माणसाला शंभर म्हणजे रजा, पण अंड्याला शंभर म्हणजे उत्तम प्रकृती. उरलेलं तूस मी खोक्याच्या चारी बाजूंनी दाबून भरलं. वारा लागायला नको म्हणून. (तो वारा फ्रिजला लागावा म्हणूनच जाळी असते, हे पान नऊवर होतं. मी त्या क्षणी पान नऊ विसरलो होतो.)

अंडी दिवसातून तीनदा उलटावी लागतात. कोंबडी ते चोचीनं करते. मी ते जाळी काढून, फरशीवर पालथा पडून, दंडापर्यंत हात आत घालून करत असे. सकाळी ऑफिसला जायच्या आधी, आल्यावर, आणि जेवणाआधी. तिसऱ्या दिवशी रेश्मानं मला त्या अवस्थेत पकडलं.

"अहो, हे काय?"

"पाठ," मी म्हणालो. "पाठीसाठी सांगितलंय."

"कोणी?"

"आईनं."

तेवढ्यात आईचाच फोन आला. आई फोनवर बोलत नाही, धरणापलीकडून हाक मारते. "उलटलीस का रं?" खोलीभर आवाज.

"उलटलो, उलटलो."

"नीट उलट. धक्का दिऊ नगंस. आतलं मरंल!"

रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती काळजी करतात हो आई," ती म्हणाली आणि माझ्यासाठी योगाची चटई अंथरून गेली. मला इतकं अपराधी वाटलं की त्या दिवशी मी खरोखरच दोन भुजंगासनं घातली. (पाठ त्यानंतर दुखायला लागली. अजून दुखते.)

दिवस मोजत होतो. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, आईच्या घरचे सहा धरून माझा हिशोब पक्का होता. एकोणिसाव्या दिवशी, शनिवारी, फ्रिज टूंटूं करायला लागला. रेश्मानं फ्रीझर उघडला तर आम्ही दोघांनी आठवडाभर सोललेले मटार पिशवीत पाण्यात पोहत होते.

"बिघडला," ती म्हणाली. "बंद करते आधी. काहीतरी जळका वास पण येतोय." आणि तिनं स्विचकडे हात नेला.

"नको!" मी असा ओरडलो की तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"का नको?"

"त्याला... त्याला सवय आहे चालू राहायची."

"अहो, चालू राहून मटार वितळलेत."

"बंद केला तर धक्का बसेल."

"कोणाला?"

"फ्रिजला."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "फ्रिजमध्ये काय लपवलंय तुम्ही?"

"फ्रिजमध्ये काहीही लपवलेलं नाही," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. (शपथेवर खरं. फ्रिजमध्ये काहीच नव्हतं.) तिनं आतला एकेक डबा उघडून पाहिला, काही सापडलं नाही, आणि तिचा संशय दुप्पट झाला. मी गयावया करून कंपनीचा माणूस येईपर्यंतची मुदत मागून घेतली. फक्त दोन दिवस तो माणूस येऊ नये, एवढीच माझी देवाजवळ मागणी होती. एरवी आठवडा आठवडा न फिरकणारी ती कंपनी, रविवार असूनही, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दारात हजर.

तंत्रज्ञाचं नाव निषाद. मुलगा शांत, कामाला चोख. त्यानं फ्रिजचं दार उघडलं, हवा हुंगली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सर, हा चालू का ठेवलाय?"

"यांना विचारा," रेश्मा म्हणाली.

निषाद गुडघ्यांवर बसला. जाळीच्या स्क्रूला हात घातला. मी म्हणालो, "चहा घेता?" तो म्हणाला, "नको." मी म्हणालो, "आधी वरून बघा की, बिघाड नेहमी वर असतो." तो म्हणाला, "नसतो सर." जाळी निघाली. त्यानं बॅटरी पेटवून डोकं खाली घातलं, आणि आतून आवाज आला.

"चिव."

निषादचं डोकं ओट्याच्या कडेवर असं आपटलं की कपबशा वाजल्या. रेश्मा दोन पावलं मागे सरकली. आणि मी? मी बोटांवर दिवस मोजू लागलो. आज विसावाच दिवस होता! माझा हिशोब चुकला होता!

"मॅडम," निषाद डोकं धरून पुटपुटला, "आत कोणीतरी जिवंत आहे."

त्यानं खोकं बाहेर ओढलं. दोन पिल्लं निघालेली, ओली, ठिपक्यांची. तिसऱ्याची चोच कवचातून बाहेर. मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात माझं लक्ष खोक्याच्या मागच्या बाजूकडे गेलं. तिथलं तूस तपकिरी झालं होतं. पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला काळा डाग होता.

निषादनं ते तूस चिमटीत घेऊन पाहिलं. आता तो शांत राहिला नव्हता. "सर, हे भाताचं तूस? तापलेल्या कॉम्प्रेसरला चिकटवून? हवा कोंडली, तो तापला, थंड करायला जास्त पळाला, म्हणून आणखी तापला. वायर मऊ पडलीय बघा. अजून एखादा दिवस, आणि पेटलं असतं. लाकडी कपाटं आहेत. शेजारी गॅस आहे."

मी तिथेच चटईवर बसलो. रेश्मा रोज त्या कपाटापासून हातभर अंतरावर पोळ्या लाटत होती, आणि मी तिच्या पायाशी शेगडी पेटवायला ठेवली होती. पहिल्यांदाच मला हे नीट कळलं, आणि खरी भीती वाटली.

रेश्मा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मुकाट्यानं स्विच बंद केला आणि माझ्याकडे वळली. "कोणाची अंडी?"

मी सगळं सांगितलं. मुंगूस, राख, आईचं माहेर, सगळं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता गरम पाण्याची पिशवी भरत होती. पिशवीवर टॉवेल, टॉवेलवर अंडी, वरून अभ्यासाचा दिवा. निषादनं दिव्याची उंची ठरवून दिली आणि वायर पाण्यापासून लांब घेतली. मग तो नवीन वायर आणायला गेला.

"मला का नाही सांगितलं?" रेश्मानं विचारलं.

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. आणि इनक्युबेटर मागवला असता. वीतभर असतो. ऑनलाइन मिळतो, दोन दिवसांत घरपोच." तिनं अंड्यांखालचा टॉवेल नीट केला. "तुम्हाला घर जाळायचं सुचलं, पण हे नाही सुचलं?"

नव्हतं सुचलं. खरंच नव्हतं. माहितीपुस्तकात नव्हतं ना.

अकरातली नऊ पिल्लं निघाली. संध्याकाळी रेश्मानं आईला फोनवर त्यांचा चिवचिवाट ऐकवला. मग आई अगदी हळू म्हणाली, "ठिपकं हायेत का गं?" रेश्मा म्हणाली, "आहेत आई, नऊच्या नऊ जणांना." आणि दोघीही रडल्या. मी मध्ये बोलायला गेलो तर रेश्मानं हातानं गप्प केलं.

पुढच्या रविवारी आम्ही पिल्लं गावी पोचवली. आईनं त्यांच्यासाठी भैरूकडून दुसरी एक खुडूक कोंबडी आणून ठेवली होती. पण पिल्लं काही केल्या तिच्याजवळ जाईनात. ती बोलावी, ही पळत. उबेशिवाय थंडीनं सगळी गेली असती, म्हणून आईच त्यांना फडक्यात घेऊन चुलीशी बसत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला तिचा फोन आला.

"किश्या, ती अंड्यात व्हती तवा त्यास्नी कोंबडीचा आवाज न्हाई, तुज्या फ्रिजचा आवाज ऐकू यायचा. त्योच त्यांची आय. ऐकव जरा."

मी फोन फ्रिजजवळ धरला. पण निषादनं दुरुस्ती इतकी झकास केली होती की फ्रिज आता बिलकुल आवाज करत नाही. शेवटी मी स्वतःच घसा खाकरला आणि सुरुवात केली, "घुंऽऽऽऽ घुंऽऽऽऽ खट्!" रोज संध्याकाळी सातला, बाल्कनीत उभा राहून, दहा दहा मिनिटं. (शेजारचे बंडोपंत सात वाजले की आत जाऊन दार लावून घेतात.)

काल, माझ्या घुंघुंच्या चौथ्या दिवशी, मी जेमतेम दोन घुं केले असतील, आई ओरडली, "बास बास! ग्येली, समदी कोंबडीखाली ग्येली!"

माझा ऊर भरून आला. "माझ्या आवाजानं?"

"व्हय रं बाबा," आई म्हणाली. "तू सुरू झालास, तशी भिऊन तिच्या पंखात घुसली. आता रोज एकदा कर. जरा मोट्यानं."