अक्रोड-चॉकलेट स्कोनची सर्वसाधारण सभा

गव्हाचं पीठ नसेल, तर दोन किंवा अधिक पिठांना एकत्र येण्याआधी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. गहू असला की हा प्रश्नच येत नाही. गहू सगळ्यांना धरून ठेवतो, कुणाला काही विचारत नाही, आणि कुणी तक्रारही करत नाही, कारण तक्रार करायला आधी सुटं व्हावं लागतं. एकट्या ज्वारीलाही सभा लागत नाही; भाकरीचा विषय ती घरातल्या घरात गरम पाण्यावर मिटवते. पण पिठं दोन आणि गहू नाही म्हटलं, की विषयपत्रिका आली, गणपूर्ती आली आणि उपनिबंधकांच्या कार्यालयातला निरीक्षक आला.

मला याचं काही वाटत नाही. सांगलीतल्या आमच्या सोसायटीचा मी बरीच वर्षं सचिव होतो. पाण्याच्या टाकीवरून लोकांनी एकमेकांची गचांडी धरलेली मी पाहिली आहे आणि इतिवृत्तात त्याचं ‘सविस्तर चर्चा झाली’ असं केलं आहे. त्यामुळे निर्मला, म्हणजे माझी बायको, मोबाइलवरून मान वर करून म्हणाली, “अहो, ग्लूटेन-फ्री स्कोन करते. अक्रोड आणि चॉकलेट घालून. सोप्पे आहेत म्हणे,” तेव्हा मी एवढंच विचारलं, “सभासद कोण कोण?”

“नाचणी, तांदूळ आणि बदामाचं पीठ. मग साखर, तूप, दूध, अक्रोड, चॉकलेट.”

“चॉकलेट आहे म्हणजे सोपं नाही,” मी म्हटलं.

हे सगळं अक्कासाठी चाललं होतं. अक्का माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही. पाचगणीच्या एका शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात तिनं सारी नोकरी काढली. तिथं चारच्या चहाला स्कोन मिळायचा. स्कोन म्हणजे पाव व्हायला निघालेलं आणि वाटेत बिस्किट भेटल्यामुळे तिथंच थांबलेलं प्रकरण. अक्काला तो फार आवडायचा.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिचा गहू बंद केला. घरी तिचं काही अडलं नाही, भाकरी होतीच. अडलं ते चारचौघांत. बारसं असो की वास्तुशांत, अक्का दिसली की लोक आतून एक झाकलेली वेगळी ताटली आणत आणि ती खाईपर्यंत कौतुकानं बघत उभे राहत. ‘एका चपातीनं काय होतंय?’ असं विचारणारे वेगळेच. शेवटी तिनं कुणाकडं जाणंच सोडलं. फोनवर म्हणायची, “मला काय कमी आहे रे? भिंती आहेत, रेडिओ आहे.” भिंतींचं नाव ती आधी घ्यायची, आणि मला दिवसभर जेवण गोड लागायचं नाही.

निर्मलानं हात धुऊन मागं लागून तिला त्या दिवशी यायला राजी केलं. अक्कानं अट घातली होती. “जे तुम्ही खाणार तेच मी खाणार, एकाच ताटातलं. वेगळी ताटली दिसली की चप्पल घालून परत जाईन, आणि पुन्हा यायची नाही.” दुसरी अट तिला सांगावी लागली नाही. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर अक्का पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. थंडीचे दिवस होते आणि सूर्य घाईत होता. अंडं असतं तर त्यानं आत शिरून समेट घडवला असता, असं लोक सांगतात, पण आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही.

दुपारी निरीक्षक कुरणे आले. दारात बूट काढले, स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आणि ओट्याकडं बघून म्हणाले, “परात सपाट ठेवा, वहिनी. उतार असला की एका बाजूचं बहुमत होतं.”

निर्मलानं परातीखाली फडकं सरकवलं. तिन्ही पिठं परातीत आली, मागोमाग साखर, तूप आणि दूध. वयानं मोठी म्हणून नाचणी अध्यक्ष झाली. तांदूळ सभ्य होता, पण स्वतःला जरा वरचा समजत होता. बदामाचं पीठ नव्यानं राहायला आलेलं, आणि आपण महाग आहोत हे दर दोन वाक्यांनंतर सांगत होतं. बेकिंग पावडर निमंत्रित म्हणून हजर होती. तिला बोलता येत होतं पण मत नव्हतं, त्यामुळे ती आतल्या आत फुगत होती.

मागील सभेचं इतिवृत्त मी तोंडीच सांगितलं. दिवाळीत बिस्किटं करायची ठरली होती. ठराव न होता सभा उधळली, सर्व सभासद ओव्हनमध्ये सुटे झाले आणि आम्ही ते चमच्यानं खाल्ले. इतिवृत्त एकमतानं कायम झालं.

“आता हजेरी,” कुरणे म्हणाले. “अक्रोड?”

“कढईत आहेत. भाजायचे आहेत अजून,” निर्मला म्हणाली.

“चॉकलेट?”

“फ्रीजमध्ये.”

“म्हणजे पुरेसे सभासद हजर नाहीत. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब.”

“अहो साहेब, आमच्या वन्सं येणार आहेत. सूर्य मावळायच्या आत...”

“वहिनी, माझ्या हातात असतं तर सूर्य तहकूब केला असता. अर्ध्या तासानं याच जागी पुन्हा सभा भरेल. मग गणपूर्तीची गरज नाही.”

मला हे नवीन नव्हतं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत एकही सभा पहिल्या वेळेला भरली नाही. लोक अर्धा तास उशिरा येत, म्हणजे वेळेवर येत. निर्मलानं मोबाइल उघडून पुन्हा पाहिलं. “इथंही तेच लिहिलंय,” ती म्हणाली. “पीठ अर्धा तास झाकून ठेवा. कारण दिलेलं नाही.”

सभा पुन्हा भरली तेव्हा उन्हाची तिरीप डब्यांच्या वरच्या फळीवर गेली होती. चॉकलेट फ्रीजमधून येऊन बसलं आणि बसल्याबसल्या त्यानं तोंड उघडलं.

“मला अक्रोडाशेजारी जागा नको. त्याला कोपरे आहेत.”

“आणि तू?” अक्रोड कढईतूनच ओरडला. “जरा ऊन लागलं की पसरतोस. एकाला एक जागा असा नियम आहे, आणि हे दोन-दोन अडवून बसतंय!”

मला आमच्या सोसायटीतल्या स्कूटरी आठवल्या. नाचणीनं शांततेचं आवाहन केलं. बदामाच्या पिठानं आपली किंमत सांगितली. अक्रोडाचे तुकडे लहान करावेत आणि चॉकलेटनं गार राहण्याचा प्रयत्न करावा, असं ठरलं. प्रयत्न करावा, हे शब्द मी सुचवले. त्यानं कुणी बांधलं जात नाही आणि सगळ्यांचं समाधान होतं.

मग निर्मलानं पुढची माहिती दिली. गोळ्याची जाड भाकरी थापायची आणि तिचे सुरीनं त्रिकोण कापायचे.

“म्हणजे आज एकत्र यायचं,” तांदूळ हळूच म्हणाला, “आणि आजच वाटणी?”

आमच्या भागात वाटणी हा शब्द निघाला की घरातली पोरंसोरंसुद्धा खेळ थांबवतात. मी घसा साफ केला. “वाटणी नव्हे. खोल्या वेगळ्या, घर एकच. आणि प्रत्येक खोलीत प्रत्येकजण असणार.”

“चॉकलेटसुद्धा?” अक्रोडानं विचारलं.

“चॉकलेटसुद्धा.”

तेवढ्यात अक्का आली. दाराला कडी घातलेली नव्हती, ती सरळ स्वयंपाकघरापर्यंत आली आणि पर्स छातीशी धरून उभी राहिली. नजर आधी टेबलावर गेली. तिथं एकच मोठं ताट होतं. ते बघून ती आत आली.

“काय रे सुकुमार, सभा चाललीय होय?”

“हो, अक्का. बस.”

“कुठवर आलाय?”

“ठरावावर.”

“मग झालंच की,” अक्का म्हणाली, पण खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली.

ठराव असा होता: सर्व सभासदांनी शेवटपर्यंत एकत्र राहावे. कुरणेंनी तो वाचून दाखवला आणि मतं घेतली. एकही विरोधात नव्हतं. निर्मलानं ओव्हन तापत ठेवला.

“सूचक कोण?” कुरणेंनी विचारलं.

सगळे तांदळाकडं बघू लागले.

“माझी पूर्ण संमती आहे,” तांदूळ म्हणाला, “पण नाव घालू नका. उद्या काही झालं तर तांदळानं सुचवलं होतं म्हणतील.” बदामाचं पीठ म्हणालं, आपण नवीन आहोत. चॉकलेटनं प्रकृतीचं कारण सांगितलं. साखर विरघळल्यासारखी गप्प बसली. तूप कधीच कुणाच्या अध्यात-मध्यात नसतं. नाचणी तयार होती, पण अध्यक्षाला सूचक होता येत नाही. सोसायटीतही हेच व्हायचं. गच्ची गळते यावर सगळ्यांचं एकमत. गळते असं पहिल्यांदा म्हणायला कुणी नाही.

तिरीप छताला लागली. अक्कानं पर्स मांडीवरून उचलून पुन्हा छातीशी धरली. ती उठणार हे मला कळलं. या खेपेला ती उठली असती, तर पुन्हा आली नसती.

“माझं नाव घाला,” मी म्हणालो.

“तुम्ही सभासद नाही,” कुरणे म्हणाले.

“मग करून घ्या!”

“दुपारी काय जेवलात?”

“चपाती,” मी म्हटलं आणि जीभ चावली.

“जो गव्हाशिवाय राहतो आणि ज्यानं या परातीत हात घातला, तोच सभासद. नियम माझा नाही. सूचक नसेल तर ठराव बारगळला असं मला...”

“थांबा हो जरा,” अक्का म्हणाली. तिनं पर्स स्टुलाशेजारी ठेवली, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि मोरीत हात धुतले. “वर्ष झालं मी गव्हाशिवाय आहे. माझ्याइतकं गव्हाशिवाय या गल्लीत कोण हाय?”

कुरणे स्टुलावर सरळ बसले. “बाई, आधी सांगतो. ठराव सूचकालाही लागू होतो.”

“होऊ दे की. माझं नाव घाला. पद्मावती मगदूम. कशात माझं नाव येऊन बरेच दिवस झालेत.”

तिनं परातीत दोन्ही हात घातले. कढईतून अक्रोडाचा आवाज आला, “अनुमोदन!” आणि निर्मलानं त्याचे तुकडे परातीत लोटले. कुरणेंनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि त्याच क्षणी अक्काच्या बोटांखाली सगळं पीठ एक झालं. एक कणसुद्धा परातीला चिकटून राहिला नाही. निर्मलानं डोळ्यांना पदर लावला. चुलीची धग लागली, असं ती म्हणाली. आमच्याकडं चूल नाही.

त्रिकोण कापताना कुणी हूं की चूं केलं नाही. ओव्हनमधून वास आला तसा कुरणेंनी शर्टाची वरची गुंडी सोडली. स्कोन बाहेर काढले तेव्हा समोरच्या इमारतीच्या टाकीवर अजून ऊन होतं. चौघांनी एकाच ताटातून खाल्ले. ठरावाची अंमलबजावणी तपासायची म्हणून कुरणेंनाही खावंच लागलं. एकाही स्कोनचा तुकडा पडला नाही. अक्रोड आणि चॉकलेट एकमेकांना घट्ट धरून होते.

“पाचगणीत मनुके घालायचे,” अक्का म्हणाली, आणि तिसरा उचलला. त्यावर पाणी प्याली. टाकीवरचं ऊन गेलं. मला इतका आनंद झाला होता की मी ताट स्वतः घासलं.

मग अक्का जायला उठली. तिच्याबरोबर मी उठलो, निर्मला उठली आणि कुरणेही उठले. अक्का दारापर्यंत गेली, आम्हीही गेलो. ती चप्पल घालेपर्यंत आमच्याही पायांत चपला आल्या.

“साहजिक आहे,” कुरणे बुटाची नाडी बांधत म्हणाले. “नाचणी, तांदूळ वगैरे मंडळी आता आपल्या चौघांत आहेत. ठरावात शेवटपर्यंत असा शब्द आहे. मी वाचून दाखवला होता.”

“ठराव मागे घेता येतो,” मी म्हणालो. इतकी वर्षं सचिव होतो, ते उगाच नाही.

“येतो. ज्यानं मांडला, त्यानं म्हटलं तर.”

आम्ही तिघांनी अक्काकडं पाहिलं. अक्कानं आमच्याकडं पाहिलं, एकेकाकडं, सावकाश, शिवणाची टीप तपासावी तसं.

“मला नाही मागं घ्यायचा,” ती म्हणाली. “चला. अंधार पडतोय.”

चौघं एका स्कूटरवर मावत नाहीत, म्हणून अक्काच्या घरी चालत गेलो. वाटेत कुरणेंनी घरी फोन करून परिस्थिती सांगितली. पलीकडून त्यांच्या पत्नीनं ठराव बहुमतानं झाला की एकमतानं, एवढंच विचारलं. एकमतानं, म्हटल्यावर त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. अक्कानं पेटीतून सतरंज्या काढल्या. कुरणे घोरतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली. अक्का पातेलं घेऊन दारात गेली आणि तिच्या मागं आम्ही तिघं जाऊन उभे राहिलो.

“आजपासून जास्त घाल रे,” अक्का म्हणाली. “घरात माणसं आहेत.”

दूधवाल्यानं आमच्याकडं पाहिलं आणि माप पुन्हा भरलं.