घाटकोपरच्या अंगठ्याची मोहीम

श्रीगजाननाचे स्मरण करोन, वडीलधाऱ्यांचा मान राखोन आणि वाय-फायची कृपा शाबूत असता, मौजे मुलुंड पूर्व येथील हकिकत सादर केली जाते. प्रथम ताकिदीचे कलम. मातुश्री क्षमाबाई मुलुंडकर एके दुपारी चिरंजीव कन्या गंधाली इजला मांडीवर थोपटीत, दुसऱ्या हाताने मोबाईलवर आपल्या कवितेस आलेली दाद वाचोन गालातल्या गालात हसत असता, सासूबाई राजमान्य नलिनीबाई, मूळ वतन तालुके मालवण, हल्ली मुक्काम मुदपाकखाना, यांनी कोथिंबीर निवडता निवडता फर्माविले की, "तुमचो तो म्हातारो सगळ्यांक वाहवा म्हणता. त्येका कोण इचारता गो, बरो आसा काय म्हणान?" त्यावर क्षमाबाईंनी मान वर न करता, "अहो आई, काका एकदम झकास आहेत. रोज सकाळी ग्रुपवर हजर असतात ना," ऐसे उत्तर देवोन ताकीद खारीज केली, आणि ताकीद कोथिंबिरीच्या देठांसमवेत केरात गेली. पुढील तमाम प्रसंग त्याच केरातून उगवला, हे वाचणाऱ्याने ध्यानी धरावे.

आता दरबाराचे वर्णन. 'काव्यअंगण' नामे व्हॉट्सॲपचा ग्रुप, त्याचा अंमल मुलुंड, भांडुप, घाटकोपर आणि पलीकडे बोरिवलीपावेतो. कोणी बँकेत, कोणी शिकवणीत, कोणी सेवानिवृत्त, परंतु पोटी सर्वांच्या कविता. ॲडमिनबहादूर राजश्री राजारामपंत यांनी स्थापनेच्या दिवशीच दंडक घालोन दिला होता की, अंगणात उतरलेली कोणतीही कविता दादेवाचून उपाशी निजो नये. मग कविता कैसीही असो, यमक लंगडे असो, चंद्र चौथ्यांदा उगवो, तमाम मंडळींनी चहा निवण्याचे आत 'वाह', 'क्या बात', 'निःशब्द' ऐसा मारा करावा. 'निःशब्द' लिहोन पुढे परिच्छेदभर लिहिण्याची मुभा होती.

या दरबाराचा आधारस्तंभ म्हणजे वाहवाबहादर नंदकुमारजी घाटकोपरकर. पत्नी कैलासवासी, मूलबाळ नाही, घाटकोपर पश्चिमेस चौथ्या मजल्यावर एकांडा मुक्काम. स्वतः क्वचित लिहीत, परंतु दाद देण्यात त्यांचा हात धरील ऐसा वीर तमाम उपनगरांत नव्हता. प्रातःकाळी सर्वांचे आधी हजर होवोन, प्रत्येकाच्या कवितेतील एकच ओळ निवडोन, ती जैसीच्या तैसी लिहोन खाली म्हणत, "ही ओळ आज खिशात ठेवतो." आणि मग फेरफटक्यास कूच करीत. ज्याची ओळ त्या खिशात गेली, त्यास दिवसभर हत्तीवरोन मिरविल्याचे सुख होई.

क्षमाबाईंवर तर या खिशाचे उपकार थोर. गंधालीचे जन्मापासोन त्यांचे चित्त ऐसे धास्तावले होते की, निजल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरोन श्वास चालतो की नाही याची चौकशी घटकेघटकेस करीत, आणि ताप नसताही थर्मामीटर लावीत, आणि पाहुण्यांनी शिंकताच त्यांस दूरच्या खुर्चीत तैनात करीत. ऐशा हालतीत त्यांनी एक कविता लिहिली. त्यात ओळ होती, 'निजल्या बाळापाशी घड्याळसुद्धा चवड्यांवर चालतं.' ती अंगणात धाडली आणि लागलीच पश्चात्ताप पावोन पुसावी म्हणोन बोट उचलले, तोच काकांचा संदेश आला, "ही ओळ आज खिशात ठेवतो. चालताना मीही चवड्यांवर चालेन." त्या दिवशी क्षमाबाईंनी बहुता काळाने नीट केस विंचरले.

ऐसा सुखाचा अंमल चालू असता एके सोमवारी अनर्थ गुदरला. भांडुपच्या गझलसमशेर शर्मिष्ठाबाई यांनी ताजी गझल पेश केली, आणि काकांकडोन ओळ नाही, खिसा नाही, एक अंगठा आला. पिवळा, उभा, कोरडा. मग राजारामपंतांच्या अभंगास अंगठा, आणि बोरिवलीकरांच्या चारोळीस अंगठा, आणि क्षमाबाईंच्या अंगाईसही अंगठा. दरबारात हाहाकार जाहला. शर्मिष्ठाबाईंनी क्षमाबाईंस फोन लावोन खाशा शब्दांत फर्माविले:

"अंगठा? मला? अगं रदीफ सांभाळून जीव गेला माझा, आणि हा माणूस सोसायटीच्या नोटिशीला देतो तसा अंगठा देतो?"

"ताई, घाईत असतील."

"कसली घाई गं? रिटायर्ड माणसाला? अंधेरीवाल्यांनी फोडलंय त्यांना. लिहून घे."

अंधेरीस प्रतिस्पर्धी काव्यमंडळ असोन तेथे कवितेतील दोष काढतात, ऐसी भयंकर वदंता होती. मग फितुरीची कुजबुज मुलुंडपासोन बोरिवलीपर्यंत पसरली, आणि कोणी म्हणाले की काका समीक्षक जाहले, आणि कोणी म्हणाले की पहिल्यापासोनच होते. राजारामपंतांनी खलिता जारी केला की, सर्वांनी संयम राखावा आणि दाद पूर्ण शब्दांत द्यावी. त्या खलित्यासही काकांचा अंगठा पडला. हे पाहोन मंडळींच्या तळपायाची आग मस्तकास गेली, आणि शर्मिष्ठाबाईंनी काकांच्या कवितेस कोणीही दाद देवो नये ऐसा बहिष्कार पुकारला. काकांनी वर्षभरात कविताच धाडली नव्हती, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

येतुक्यात मुलुंडास गंधालीबाईंना ताप भरला. क्षमाबाईंचे अवसान गळाले. डॉक्टरांचा फोन लागेना, तेव्हा त्यांनी अंगणातच हाक घातली की, बाळ तापाने फणफणले आहे, कोणी जवळचा बालरोगतज्ज्ञ सुचवावा. राजारामपंतांनी नंबर धाडला, शर्मिष्ठाबाईंनी अंगठ्याचा राग विसरोन कोमट पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या, आणि काकांकडोन काय आले? अंगठा.

"बाळाच्या तापाला अंगठा! वाट लागली या माणसाची," ऐसे शर्मिष्ठाबाई गरजल्या. क्षमाबाई पट्टी बदलता बदलता रडल्या. मात्र दुसरे दिवशी ताप उतरोन खालच्या हिरडीतून दाताचे शुभ्र टोक फत्ते करोन वर आले, आणि मन जाग्यावर येताच क्षमाबाईंना ती अंगठ्याची गोष्ट खुपो लागली. बाळाच्या श्वासावर पहारा करोन करोन त्यांची नजर ऐसी तयार जाहली होती की, नेहमीपेक्षा तसूभर वेगळे काही दिसले की काळजात चमकावे. त्यांनी विचार केला की, ज्या माणसाने गंधालीच्या पहिल्या खोकल्याची चौकशी आठवडाभर केली, तो तिच्या तापास अंगठा देईल कैसा? मग मोबाईल हाती घेवोन एक संदेश दाबोन धरला, तो इमोजींची रांग वर आली. रांगेत सर्वांचे आधी उभा कोण? अंगठा. डोळे मिटोनही लागेल ऐसा.

क्षमाबाईंनी लागलीच गनिमी कावा योजिला आणि अंगणात दोन ओळी धाडिल्या:

'नंदकुमारकाका, हे वाचत असाल
तर कृपया अंगठा देऊ नका.'

क्षणात अंगठा आला. त्याचे खालोखाल बोरिवलीकरांकडोन 'वाह! दोन ओळींत केवढी वेदना!' आणि राजारामपंतांकडोन 'निःशब्द' ऐसी दाद आली, कारण दंडक तो दंडक.

क्षमाबाईंनी फोन लाविला. बहुत वेळाने उचलला गेला.

"काका, मी क्षमा. कसे आहात?"

"छान, छान. तुझी कविता वाचली गं. फार छान."

"कुठली ओळ घेतलीत खिशात?"

काका म्हणाले, "सगळ्याच घेतल्या की."

ज्याने आजवर एकाहोन अधिक ओळ कधी घेतली नाही, तो सगळ्या घेतो म्हणताच क्षमाबाई उठल्या. गंधालीस सोडोन जाण्याची हिंमत आजवर जाहली नव्हती. त्या उंबऱ्याशी घुटमळल्या. तेव्हा नलिनीबाईंनी नातीस कडेवर घेवोन, मऊ भाताचा डबा सुनेच्या हाती देवोन हुकूम केला की, "जा तू. चेडवाक मी बघतंय. रिकाम्या हातान जाव नको." केरात गेलेल्या ताकिदीचा उच्चार त्यांनी केला नाही, इतके त्यांचे औदार्य.

मग रिक्षारूपी रथात आरूढ होवोन क्षमाबाई एलबीएस मार्गे दक्षिणेस निघाल्या. भांडुपास शर्मिष्ठाबाई सामील जाहल्या. त्यांनी अंगठ्याचा जाब विचारण्यासाठी आपली गझल मोठ्या अक्षरांत छापोन आणिली होती. वाटेत मेट्रोच्या खांबांनी आणि पत्र्यांनी ठायी ठायी नाकेबंदी केली होती. क्षमाबाई घरी फोन करकरोन गंधाली काय करिते ते विचारीत, आणि नलिनीबाई प्रत्येक वेळी "श्वास घेता" ऐसे उत्तर देत. ऐसे करीत फौज घाटकोपरास दाखल जाहली.

तेथे सोसायटीच्या दरवाजावर वॉचमनने मोर्चा अडविला. "डिलिव्हरी की गेस्ट?" ऐसा सवाल आला.

"आम्ही कवयित्री आहोत," शर्मिष्ठाबाई छाती पुढे काढोन म्हणाल्या.

त्याने विचार करोन 'अन्य' ऐसी नोंद केली आणि वाट दिली.

चौथ्या मजल्यावर घंटा वाजविली. आत काहीतरी पडल्याचा आवाज जाहला, आणि मग भिंतीवरोन हात सरकत सरकत येतो ऐसा आवाज आला, आणि कडी शोधली गेली, आणि दार उघडले. काका उभे होते. सदऱ्याची बटणे एक घर चुकोन लाविलेली, दाढी वाढलेली, हातावर चहाने भाजल्याचा लाल डाग. क्षमाबाई बोलल्या तेव्हा काका आवाजाच्या रोखाने हसले, परंतु हात जोडोन नमस्कार केला तो चपलांच्या कपाटास.

शर्मिष्ठाबाईंनी छापील गझल निमूट पर्समध्ये घातली. बहिष्काराची समशेर तेथेच म्यान जाहली.

मग हकिकत बाहेर आली ती ऐसी. काकांचा डावा डोळा पूर्वीच अधू. त्या सोमवारी सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळी जाळी उतरली आणि कडेकडोन पडदा पडत आला. उद्या बरे वाटेल म्हणोन ते थांबले. बिस्किटे खावोन राहिले. गोळ्यांच्या पाकिटांतील कोणते साखरेचे नि कोणते रक्तदाबाचे हे दिसेना, म्हणोन दोन्ही बंद केली.

"अहो पण मग अंगठे कशाला देत बसलात?" शर्मिष्ठाबाईंचा आवाज चिरकला. "सांगायचं ना कुणाला तरी!"

काका ओशाळे होवोन म्हणाले, "टिंग वाजलं की कळायचं, कुणीतरी काहीतरी लिहिलंय. दाद आली नाही की माणूस लिहायचा थांबतो गं. वाचता येईना, तर निदान हजेरी लावावी म्हटलं."

क्षमाबाईंनी डबा उघडोन मऊ भात भरविला, कारण घास तोंडापर्यंत नेण्याची मोहीम त्यांच्या नित्य सरावाची होती. घास नेता नेता तोंडातून "आऽ कर" ऐसे शब्द निसटले, आणि काकांनी आज्ञाधारकपणे आ केला, आणि तिघेही हसो लागले, आणि त्या हसण्यातच शर्मिष्ठाबाईंनी डोळे पुसले.

तैसेच उठोन काकांस दोहो बाजूंनी धरोन नेत्रवैद्यांकडे नेले. वैद्यराजांनी तपासोन निवाडा दिला की, डोळ्याचा आतला पडदा सुटला आहे, आणखी थोडी दिरंगाई होती तर नजर कायमची गेली असती, शस्त्रक्रिया त्वरित व्हावी, आणि तदनंतर रुग्णाने बहुत दिवस पालथे निजोन राहावे. राजारामपंत मुलुंडाहोन कागदपत्रे नि थर्मास घेवोन दाखल जाहले, शस्त्रक्रिया यथासांग पार पडली, आणि अंगणात पहाऱ्याच्या पाळ्या लागल्या.

पालथ्या निजलेल्या काकांस वाचणे मना होते, ऐकणे मना नव्हते. ही बातमी फुटताच तमाम कवींस स्फुरण चढले. ज्यांच्या कविता कोणी पूर्ण ऐकिल्या नव्हत्या, त्यांनीही आवाजी संदेश धाडिले, आणि बोरिवलीकरांनी तर चारोळ्यांचा संपूर्ण संग्रह गाऊन पाठविला. श्रोत्यास उठोन जाता येत नाही ऐसी मैफल मराठी काव्याच्या नशिबी क्वचित येते. काका उशीत तोंड खुपसोन ऐकत आणि हुंकार देत. तो हुंकार दादेचा की दुखण्याचा, याचा निर्णय मंडळींनी आपापल्या सोयीने केला.

अखेर पट्टी सुटली आणि नव्या चष्म्यातून उजव्या डोळ्यास अक्षर दिसो लागले. त्या सकाळी अंगणात जे घडले तीच या मोहिमेची फत्ते. काका त्या काळ्या सोमवारापर्यंत मागे गेले आणि तेथोन एकेक संदेश वाचीत, दिलेला एकेक अंगठा परत घेत पुढे आले. शर्मिष्ठाबाईंच्या गझलेवरोन अंगठा हटला आणि तेथे तिची एक ओळ आली, "ही खिशात ठेवतो. उशीर झाला, माफी." राजारामपंतांच्या अभंगाची ओळ आली, चारोळीची आली, अंगाईची आली. टिंग टिंग वाजत राहिले, आणि क्षमाबाई गंधालीस वरणभात भरविता भरविता पाहत राहिल्या, आणि तापाच्या संदेशापाशी येवोन ती चाल थांबली. मग तेथला अंगठा नाहीसा जाहला आणि खाली उमटले:

"ताप उतरला का गं?"

गंधालीस तोवर वरचेही दात आले होते आणि ती चमचा चावीत होती. क्षमाबाईंनी डोळे पुसोन उत्तर दिले, "उतरला, काका." आणि प्रथमच पुढे विचारले, "तुम्ही आज काय खाल्लंत?"

येणेप्रमाणे घाटकोपरचा अंगठा उठला, नजर राखिली गेली, फितुरीचा आरोप रद्द जाहला आणि मोहीम सुफळ जाहली. मोर्तब म्हणोन गंधालीने या मजकुरावर वरणाचे बोट उमटविले आहे, ते ग्राह्य धरावे.

आणि वाचणाऱ्यास मातुश्री क्षमाबाईंची अर्जी ऐसी की, तुमच्याही अंगणात कोणी एक असेल, जो सर्वांस वाहवा म्हणतो. त्यास आज फोन करावा. छान म्हणाला तर 'काय छान' ते विचारावे. आणि सगळेच छान म्हणाला, तर डबा भरोन निघावे.