सांगितलं नसतं तर कळलं नसतं

घराची प्रतिष्ठा त्या घरात काय खाल्लं जातं यावरून ठरत नाही. काय सोडलं आहे यावरून ठरते. आमच्या घराने साखर सोडल्यापासून जिन्यात भेटणारी माणसं आमच्याशी अदबीने बोलू लागली आहेत.

सुरुवात वडिलांपासून झाली. बाबा अडतीस वर्षं बेकर होते. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या रक्तात साखर सापडली (ती आधी कुठे होती, याबाबतचा अहवाल अप्राप्त आहे). डॉक्टर म्हणाले, "केक जरा कमी खा." आता बाबा केक खात वर्षातून दोनदा. एकदा माझ्या मुलीच्या, म्हणजे चिमणीच्या, वाढदिवसाला. आणि एकदा दुसऱ्या दिवशी, उरलेला. त्यात कमी करण्यासारखं फारसं काही नव्हतं. म्हणून आम्ही केकमधली साखर काढायची आणि तो केक बाबांना पोटभर खाऊ घालायचा, असा निर्णय घेतला.

या कामी एक घरगुती समिती नेमण्यात आली. अध्यक्षपद माझ्या बायकोकडे गेलं, कारण ओव्हनचं बटण कुठे दाबायचं हे तिलाच ठाऊक. सदस्य म्हणून ताई, म्हणजे माझी थोरली बहीण (राहते दोन गल्ल्या पलीकडे, मत मात्र इथेच देते). मी कचेरीत आवक-जावक सांभाळतो, त्यामुळे सचिवपद ओघानेच माझ्या गळ्यात पडलं. बाबांना तांत्रिक सल्लागार करण्यात आलं. सल्लागाराला मत नसतं आणि सल्ला विचारल्यावरच द्यायचा असतो. तो अद्याप विचारण्यात आलेला नाही.

समितीने पहिल्या तीन महिन्यांत केलेली कामगिरी थक्क करणारी आहे. कंडेन्स्ड मिल्कचा डबा बाजारातून आणायला दहा मिनिटं लागतात. तेच आम्ही दोन लिटर दूध आणि पाव किलो खजूर चार तास ढवळून घरी केलं (ढवळणाऱ्याचा उजवा खांदा धरतो, तेव्हा डाव्याने ढवळावं). पिठीसाखरेच्या जागी दुधाची भुकटी आणि कॉर्नफ्लोअर एकत्र दळून घेतलं. ते दिसायला हुबेहूब पिठीसाखर असतं आणि लागतं भिंतीसारखं. कॅरॅमलसाठी गाजराचा रस आटवला. चॉकलेटचे दाणे कोको, लोणी आणि पिकल्या केळ्यापासून केले. ते दाताखाली येत नाहीत, दातांवर राहतात. बेकिंग पावडरमध्ये साखर नसते, असं बाबा पुटपुटले. पण सगळं बदलत असताना एकाच डब्याला सवलत का, असा प्रश्न ताईने केला आणि तीही बदलण्यात आली. त्यानंतर केक फुगणं थांबलं.

"अगं, साखर नुसती गोडीला नसते," बाबा एकदा ओट्याशी उभं राहून म्हणाले. "लोण्याबरोबर फेटली की ती हवा धरून ठेवते. त्याने केक हलका होतो."

"बाबा, तुम्ही बसा बरं," अध्यक्षा म्हणाल्या. "तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं."

बाबा बसले. त्यांच्यापुढे एक तुकडा ठेवण्यात आला. तो त्यांनी खाल्ला. सुनेने चार तास खांदा मोडून केलेल्या वस्तूला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं, हा त्यांचा जुना आजार आहे आणि त्यावर अजून गोळी निघालेली नाही. आकडेवारीच द्यायची तर, साखर होती तेव्हा बाबा वर्षाला तीन तुकडे केक खात; साखर गेल्यापासून आठवड्याला अकरा.

गुणवत्तेची कसोटी ठरवताना मात्र पेच पडला. चव हा निकष कितपत भरवशाचा, याबद्दल समितीत दुमत होतं. शेवटी पाहुण्यांच्या अभिप्रायांची एक वही घालण्यात आली. आलेल्या माणसाला आधी सांगायचं, "यात साखर अजिबात नाही हं." मग तुकडा द्यायचा. मग सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. माणूस चावतो, थांबतो, पाणी मागतो आणि म्हणतो, "सांगितलं नसतं तर कळलं नसतं." हे वाक्य आलं की नमुना उत्तीर्ण. एकूण एकसष्ट पाहुण्यांपैकी साठ जण हे बोलले (एकसष्टाव्याची कवळी अडकली होती, त्याने मान हलवली, ती होकारार्थी धरली आहे).

अशा परिस्थितीत चिमणीचा सातवा वाढदिवस आला.

चिमणीच्या पहिल्या वाढदिवसापासून तिचा केक बाबाच करत आले होते. दुकान सुटलं, हात थरथरायला लागले, पण त्या एका केकपुरते ते स्थिर असत. वाढदिवसाआधीच्या रविवारी ते समितीपुढे आले आणि म्हणाले, "तिचा केक मी करतो. साखर घालून. मी खाणार नाही, बोटसुद्धा चाटणार नाही. तेवढा एक करू द्या."

एवढं मागताना त्यांनी हात मागे बांधले होते. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या वाढदिवसांचे केक केलेला माणूस नातीच्या केकसाठी अर्ज करत होता. समितीने अर्ज सहानुभूतीपूर्वक विचारात घेऊन फेटाळला. मात्र कोणीही नमुना सादर करू शकतं, बुधवारी चाचणी होईल आणि पास होईल तोच केक वाढदिवसाला ठेवला जाईल, असं त्यांना कळवण्यात आलं.

बुधवारी मी डबा विसरलो म्हणून कचेरीतून परत आलो, तर बाबा ओट्याशी लोणी फेटत होते. शेजारी साखरेचं पुडकं होतं. त्यांनी वर पाहिलं.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "खाऊन बघू दे त्यांना. कळेल."

ओव्हनमधून जो वास येत होता, तो मी ओळखला. लहानपणी बाबांच्या शर्टाला यायचा.

संध्याकाळी दोन नमुने मांडले गेले. अध्यक्षांच्या नमुन्यापुढे चिठ्ठी होती: खजूर, गाजर, केळं. बाबांच्या नमुन्यापुढची चिठ्ठी कोरी होती, कारण त्यांना खोटं लिहिता येत नाही. समितीने कोरी चिठ्ठी म्हणजे यात काहीच नाही, असा अर्थ घेतला. बाहेरचे परीक्षक म्हणून खालच्या मजल्यावरचे केमिस्ट आले होते.

त्यांनी बाबांचा तुकडा चघळला आणि म्हणाले, "साखर नाही ते लगेच कळतं."

"मागाहून एक चव येते," ताई म्हणाली. "काहीतरी केमिकल घातल्यासारखी."

अध्यक्षांनी तो फार हलका असल्याचं नोंदवलं. पोटात काही गेल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग सगळे माझ्याकडे वळले. बाबाही. मी तुकडा तोंडात घातला आणि तो विरघळला. मला सगळं कळलं होतं, सकाळपासून कळलं होतं. पण माझ्या एका बाजूला ताई होती, दुसऱ्या बाजूला चार तास ढवळणारी बायको होती आणि हातात सचिवाचं पेन होतं. मी म्हणालो, "ठीक आहे. पण आपल्या खजुराच्या केकची सर नाही." आणि तसं लिहिलं. मला स्वतःची लाज वाटली, पण तिच्यासाठी वहीत रकाना नाही.

 बाबांनी आपला टिन घासला, कोरडा केला आणि सुनेला देऊन म्हणाले, "ठेव. तुला लागेल. मला आता चवीतलं कळेनासं झालंय बहुतेक."

वाढदिवसाला खजूर-गाजर-केळं झालं. चिमणीने मेणबत्त्या विझवल्या, घास घेतला, थोडा वेळ चावला आणि आजूबाजूच्या मोठ्या तोंडांकडे पाहिलं. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, "सांगितलं नसतं तर कळलं नसतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती समजूतदार पोर आहे, असं केमिस्ट म्हणाले. बाबांनी दोन तुकडे खाल्ले.

महिन्याभराने डॉक्टरांनी बाबांचा रिपोर्ट पाहून विचारलं, "साखर एवढी कशी वाढली? खाता काय?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, की साखर तर घरात येतच नाही. डॉक्टर खजुराबद्दल काहीतरी बोलू लागले, पण अध्यक्षांनी घरून आणलेला डबा त्यांच्यापुढे उघडला. त्यांचा अभिप्राय बासष्टावा.

एव्हाना आपल्याला बाबांची कणव आली असेल, आमचा रागही आला असेल. आपण तिथे असतात तर खरं काय ते तोंडावर सांगितलं असतं, असंही वाटत असेल. उत्तम. रविवारी संध्याकाळी या. तुमचा तुकडा कापून ठेवतो. बाबा तुमच्या अगदी समोर बसतील आणि बायको तुमच्या तोंडाकडे बघत उभी राहील. तुम्ही काय म्हणाल ते मी त्रेसष्टाव्या ओळीवर आताच लिहून टाकलं आहे. आलात की फक्त सही करा.