चाळीस नंबरचं कोरं घर

प्रेमसिंग सरांची चिठ्ठी देवमन पेंटरने तीनदा वाचली. तिन्ही वेळा तीत तेच लिहिलेले होते. ‘प्रत्येक घर आकड्याप्रमाणे रंगवावे. शून्य कोरे ठेवावे. एकापासून नवापर्यंत आकडा चढेल तसा रंग गडद करावा. एकेक घर घेऊन बसू नये. एका रंगाची सगळी घरे एकदम उरकावीत. परवा सकाळी कॉलेजचे साहेब आवाजाचे चित्र पाहायला येतील. सामान शाळेत आहे.’

सर शेतकी कॉलेजातले. महिन्याभरापूर्वी रिठदजवळच्या या त्रेचाळीस घरांच्या वस्तीवर टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. ज्वारीवर बसणाऱ्या पाखरांचे आवाज त्यांनी भरून नेले. कोणत्या घटकेला कोणता सूर किती जोरात, हे आकड्यांत मांडायचे आणि आकड्यांना रंग द्यायचा, म्हणजे आवाज डोळ्यांना दिसतो, असे त्यांनी पारावर समजावले होते. गर्दीत मागे उभ्या देवमनला त्यातले अर्धेच ऐकू आले. पण चित्र वेळेत झाले तर कॉलेजात पेंटरची कायमची जागा, हे त्याने नीट ऐकले. सहा वर्षे तो मलेरियावाल्यांसाठी दारांवर नंबर टाकत होता, तेही ते बोलावतील तेव्हा.

शाळेत चुना आणि गेरू होता. शेजारी कापडाची एक गुंडाळी होती. ती साहेबांच्या स्वागताची असेल म्हणून त्याने तिला हात लावला नाही.

“घराले नंबर तर म्याच टाकले,” तो बायकोला म्हणाला. “पन नवाच्या पुढं काय करू?”

“शेवटला आकडा धरा ना,” लिलाबाई म्हणाली. “वीस म्हनजे शून्य, एकवीस म्हनजे एक. अन् बादल्या नऊ कायले? चुन्याच्या एकाच बादलीत गेरू टाकत चला. एक ओंजळ टाकली का एकवाले सारे घरं उरका. मंग दुसरी ओंजळ.”

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत दारांकडच्या सगळ्या भिंती रंगल्या. शून्याची चार घरे तेवढी कोरी राहिली.

सकाळी वस्तीवर बातमी फिरली की मशीनने घरोघरचा आवाज मोजला आणि ज्याचा जसा आवाज तसा रंग लागला. नऊ नंबरची तुळसाबाई हातात सूप घेऊनच आली.

“काहून रे देवमन? माह्याच घराले एवढा लाल? मी का बोंबलतो काय?”

हे ती तिच्या ओट्यावरून बोलली असती तरी पाणवठ्यावर ऐकू गेले असते. बाया पदराआड हसल्या.

तिच्या मागोमाग चाळीस नंबरचे उकंडराव आले. साठ एकरांचा धनी, पण घरात दुर्गाबाईंपुढे त्यांचा शब्द उंबऱ्यापाशीच अडे.

“देवमन, मले कोरं ठेवलं? लोक काय म्हनून राह्यले मालूम हाय? उकंडरावले घरात आवाजच नाही म्हनते!”

“काका, चिठ्ठीत तसंच हाय.”

“अर्धी ओंजळ तरी मार ना बापा!”

तेवढ्यात प्रेमसिंग सर एसटीतून उतरले. वस्तीकडे पाहून ते शाळेत धावले आणि कोरे कापड उलगडून बाहेर आले. त्यावर चोवीसशे बारीक चौकोन आखलेले होते आणि प्रत्येकात पेन्सिलीने एक आकडा होता.

“घरं म्हणजे ही, देवमन! या चौकटी!”

“सर, आमच्याकडं चौकट दाराले असते.”

सरांना बोलायला वेळच मिळाला नाही. साहेबांची जीप आली. देवमनने हातातला कुंचला पाठीमागे लपवला. नोकरी गेली, हे त्याला कळून चुकले होते.

“हे आवाजाचं चित्र?” साहेब रस्त्यावरून चालत पाहू लागले. “गडद म्हणजे मोठा आवाज ना?”

सर कसेबसे म्हणाले, “हो, पण साहेब…”

“माह्या दाराले हात कोनं लावला तेच मले सांगा!” तुळसाबाई पाठीमागून गरजली. साहेबांची टोपी हलली. त्यांनी वळून भिंतीकडे पाहिले, मग दारावरच्या नवाकडे.

कोऱ्या घरासमोर उकंडराव छाती काढून उभे होते. “साहेब, या घरात…”

“तुमी चूप बसा,” आतून दुर्गाबाई म्हणाल्या. उकंडराव ओट्यावर बसले.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले. “अचूक आहे,” ते म्हणाले. “माणूस आत फिरून पाहू शकेल असं चित्र मी पहिल्यांदाच पाहिलं. पेंटर कोण?”

पंधरा दिवसांत नोकरीचा कागद आला. पाखरांचे कापड तसेच कोरे राहिले. पुढे लिलाबाईने त्याच्यावर डाळ वाळवली.

निघण्याआधी देवमनने मलेरियावाल्यांचे शेवटचे काम घेतले. पावसाने पुसट झालेले नंबर उजळत तो चाळीसपाशी आला. उकंडरावांनी दाराकडे पाहिले आणि ते त्याच्या कानाशी वाकले.

“त्या चाळीसचं एक्केचाळीस नाही का होत?”

“कोनाशी बोलून राह्यले?” आतून आवाज आला.

“कोनाशीच नाही,” उकंडराव म्हणाले.

देवमनने शून्य नीट गोल करून दिले.